घोडा लंगडतो, पण खुरात काहीच दिसत नाही

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं किंवा घोडेवाल्या मित्राला पुढं पाठवायचंय, त्यांच्यासाठी. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

अंबडहून बोलतोय, तुमचा ढोरांचा डॉक्टर.

आज सुरुवातीलाच एक छोटं काम सांगतो. गाडी चालवत असाल तर करू नका, बाकीच्यांनी करा. उजव्या हाताचं मधलं बोट ताठ करा आणि त्याचं टोक टेबलावर टेकवा, नखावर जोर येईल असं. आता हाताचा सगळा भार हळूहळू त्या एका बोटावर सोडा. किती वेळ जमतंय? दहा सेकंद? घोडा जन्मभर असाच उभा असतो.

गंमत नाही करत. घोड्याच्या प्रत्येक पायाचं एकच बोट जमिनीवर टेकतं, तेही मधलं. पुढच्या पायात आपण ज्याला त्याचा गुडघा म्हणतो, ते खरं तर त्याचं मनगट. त्याच्या खाली तळहाताचं हाड, त्याखाली बोटाची तीन पेरं, आणि खूर म्हणजे त्या बोटाचं नख. गाई-बैलाचा भार निदान दोन बोटांवर वाटला जातो, म्हणून त्यांचं खूर दुभंगलेलं दिसतं. घोड्याला तीही सोय नाही.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर, आज मधेच घोडा कुठून आला? अंबडमध्ये काय रेसकोर्स आहे का? नाही. माझं रोजचं कामही गाई-म्हशी आणि शेळ्यांचंच. पण दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, पाठोपाठ नांदेडकडं माळेगावची खंडोबाची यात्रा येते, आणि मग लग्नसराई सुरू झाली की मला एकाच छापाचे मेसेज यायला लागतात. "सर, घोडी घेतली, आठ दिवसांत लंगडायला लागली. नाल काढून बघितली. खिळा नाही, काटा नाही, पू नाही. नालबंद म्हणतो खूर एकदम ओके आहे. मग नाटक करते का?"

घोडी नाटक करत नाही. आजचा सगळा भाग या एका वाक्यावर आहे. खूर बाहेरून एकदम चांगलं असतं आणि आतल्या हाडात भोक पडलेलं असू शकतं. याला बोन सिस्ट म्हणतात. शर्यतीच्या घोड्यांमध्ये याचा बराच अभ्यास झालाय, म्हणून आज महालक्ष्मीच्या ट्रॅकवर जाऊ आणि तिथून परत आपल्या वरातीत येऊ.

बंद डबीतला सांधा

आधी खुराच्या आत काय असतं ते बघू. मघाशी तीन पेरं म्हणालो. वरचं पेर लांब, मधलं आखूड, आणि शेवटचं पेर पूर्णपणे खुराच्या आत. हे शेवटचं हाड दिसायलाही छोट्या खुरासारखंच असतं. त्याच्या मागच्या बाजूला नावेच्या आकाराचं एक चिमुकलं हाड. मधलं आणि शेवटचं पेर जिथं भेटतात, तो सांधासुद्धा खुराच्या आतच.

शेवटचं पेर खुराच्या तळाशी नुसतं ठेवलेलं नसतं, ते खुराच्या भिंतीला आतून टांगलेलं असतं. हाडाच्या बाजूनं सुमारे ६०० पापुद्रे आणि भिंतीच्या बाजूनं तेवढेच, असे एकमेकांत गुंतलेले असतात. दोन वह्यांची पानं एकाआड एक सरकवून बघा, मग त्या वह्या ओढून निघत नाहीत. त्याच तत्त्वावर अख्खा घोडा लटकलेला असतो.

आपला पाय मुरगळला तर सूज बाहेर येते, बूट घट्ट होतो, आपण बूट काढतो. घोड्याला बूट काढता येत नाही. खूर ही कडक डबी आहे. आत सूज आली तर तिला पसरायला जागाच नसते. दारात बोट चेमटून नखाखाली रक्त साकळतं तेव्हा रात्रभर जो ठणका लागतो, तो आठवा. त्या बोटावर उभं राहायचंय असं समजा, म्हणजे कल्पना येईल.

आता भाराचा हिशोब. शर्यतीचा थरोब्रेड घोडा साधारण ४५० ते ५०० किलोचा असतो. उभा असताना त्यातला जवळपास ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. भरधाव सुटला की एक क्षण असा येतो, जेव्हा एकटा पुढचा पाय जमिनीवर असतो आणि त्या पायावर घोड्याच्या वजनाच्या सुमारे अडीचपट जोर येतो. म्हणजे ११००-१२०० किलो, तुमच्या तळहाताएवढ्या खुरावर.

मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स १८८३ सालचं. पुण्याचं त्याहून जुनं, १८३० चं. पावसाळ्यात शर्यती पुण्याला, हिवाळ्यात मुंबईला, असा आपल्याकडचा क्रम. महालक्ष्मीवर होणारी इंडियन डर्बी १९४३ पासून धावली जाते. अंतर २४०० मीटर, वेळ अडीच मिनिटांच्या आसपास. घोड्याची एक झेप सात मीटरची धरली, तर प्रत्येक पाय एका शर्यतीत साडेतीनशेच्या आसपास वेळा जमिनीवर आदळतो. हे फक्त शर्यतीच्या दिवसाचं. रोज पहाटेचा सराव वेगळाच.

शेततळ्याचा कागद फाटला की

बोन सिस्ट म्हणजे काय, ते समजायला आपल्या जालना जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. शेततळं तर सगळ्यांनी बघितलंय. खड्डा खणायचा, वर प्लास्टिकचा कागद अंथरायचा, मग पाणी भरायचं. आता कागदाला तळाशी एक बारीक भोक पडलं असं समजा. वरून काही कळत नाही. पण पाणी हळूहळू कागदाखाली जातं, माती भिजते, सरकते आणि कागदाखाली पोकळी तयार होते. वरच्या पाण्याचा दाब चालूच, त्यामुळं पोकळी वाढत राहते.

सांध्यात असंच होतं. हाडाच्या टोकावर गुळगुळीत मऊ आवरण असतं, त्याला कूर्चा म्हणतात. तो आपला कागद. सांध्यातलं वंगण म्हणजे पाणी. कूर्चेखालचं हाड म्हणजे माती. कूर्चेला चीर गेली की घोडा पाऊल टेकेल तेव्हा दाबानं वंगण आत घुसतं आणि हाड कुरतडलं जातं. पुढं त्या पोकळीला आतून एक अस्तर तयार होतं, आणि ते अस्तर अशी रसायनं सोडतं की आजूबाजूचं हाड आणखी विरघळतं. म्हणून ही पोकळी आपणहून पटकन भरत नाही.

चीर पडते कशामुळं? मुख्यतः दोन कारणं. पहिलं, मार. वेडंवाकडं पाऊल, कडक जमीन, रोजचा आदळ. दुसरं, वाढीतला दोष. शिंगराचं हाड आधी कूर्चेचं असतं आणि वाढताना त्याचं पक्कं हाड होत जातं. कधीकधी सांध्याजवळ एखादा ठिपका कच्चाच राहतो. शिंगरू नुसतं कुरणात बागडत असेल तर ते वर्षानुवर्षं लपून राहील. पण शर्यतीच्या घोड्याला ती सवड मिळत नाही. आपल्याकडं थरोब्रेडचं वय १ जानेवारीपासून मोजतात आणि दोन वर्षांचा झाला की तो शर्यतीत उतरू शकतो. हाडं अजून वाढत असतात आणि जोर मात्र पुऱ्या वाढलेल्या घोड्याचा.

अशी पोकळी सगळ्यात जास्त सापडते ती मागच्या पायाच्या वरच्या मोठ्या सांध्यात, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला. खुरातल्या हाडात त्यामानानं कमी. पण तिथली जास्त फसवते, कारण बाहेरून सूजही दिसत नाही आणि बोट लावून दाबायची सोयही नाही.

मोबाइल काढा, स्लो मोशन लावा

आता तुमच्या हातातल्या यंत्राचा उपयोग. घोडा लंगडतोय का आणि कोणत्या पायानं, हे ओळखणं जुन्या लोकांना डोळ्यानं जमायचं. आपल्या भाषेत घोड्याच्या वैद्याला 'साळोत्री' म्हणतात. हा शब्द शालिहोत्रावरून आला, ज्याच्या नावावर आपल्याकडचं अश्ववैद्यक सांगितलं जातं. साळोत्र्याकडं मोबाइल नव्हता, तुमच्याकडं आहे.

सपाट, कडक जागा बघा. डांबरी रस्ता किंवा सिमेंटचं अंगण. घोड्यावर कुणी बसायचं नाही. एकानं लगाम सैल धरून घोड्याला दुडकी चालीनं सरळ न्यायचं आणि परत आणायचं. चालताना पाय वाचवता येतो, आणि चौखूर उधळल्यावर डोळ्याला काही टिपता येत नाही. दुडकीत दोन बाजू सारख्या तालात पडायला पाहिजेत, म्हणून चोरी तिथं पकडली जाते. समोरून एक व्हिडिओ, बाजूनं एक, वीस-वीस सेकंदांचे. मग स्लो करून फक्त डोकं बघा. दुखरा पुढचा पाय टेकला की घोडं मान वर उचलतं, चांगला पाय टेकला की मान खाली जाते. मागचा पाय दुखत असेल तर पुठ्ठा एका बाजूनं जास्त वर-खाली होतो. आवाजही ऐका. चांगल्या पायाची टाप जोरात वाजते, दुखऱ्याची हलकी.

एवढ्यावरून पाय कळला. पण पायातली जागा कळली नाही. आणि इथंच घाई होते.

हे ठामपणे सांगतो: घोडा लंगडला की पहिला विचार बोन सिस्टचा करायचा नाही. अचानक तीन पायांवर आला, तर बहुतेक वेळा खुरात पू झालेला असतो. नाल ठोकताना खिळा जिवंत भागाला लागलेला असू शकतो, तळव्याला दगड बोचलेला असू शकतो. दाण्याच्या पोत्यात तोंड घालून पोटभर चंदी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही पुढची खुरं गरम, घोडा मागं रेलून उभा, तर मघाशी सांगितलेल्या पापुद्र्यांना सूज आलीय. ती इमर्जन्सी आहे, तासाभरात डॉक्टर पाहिजे. आणि खुराला कसलीही जखम असली तर धनुर्वाताची लस झालीय का ते विचारा. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो.

हे सगळं तपासून झालं, खूर स्वच्छ निघालं, घोडा तरुण आहे किंवा शर्यतीतून आलेला आहे, आठ-पंधरा दिवस विश्रांती दिली की सुधारतो आणि कामाला जुंपला की पुन्हा लंगडतो, तर मग आतल्या हाडाचा संशय घ्यायचा.

आधी जागा शोधायची

मागच्या एका लग्नसराईत आमच्या तालुक्यातल्या एका घरची घोडी बघितली. नाव-गाव सांगत नाही. शर्यतीतून बाद झालेली, दोन हात फिरून यांच्याकडं आलेली. उंच, पांढरीशुभ्र, परण्याला उभी राहिली की लोक आधी तिचे फोटो काढायचे, मग नवरदेवाचे. घरचं वर्षाचं गणित तिच्या दोन महिन्यांच्या कमाईवर. तीन वेळा नाल बदलून झाली होती. पुढचा डावा पाय.

चिमट्यानं खूर सगळीकडून दाबून बघितलं, ती फारशी चमकली नाही. मग नस बधिर केली. ही गोष्ट समजून घ्या, फार उपयोगाची आहे. खुराच्या थोडं वर, पायाच्या मागच्या बाजूनं दोन नसा खाली उतरतात, एक आतून, एक बाहेरून. तिथं थोडंसं बधिर करायचं औषध देतात. दहा मिनिटांनी घोडा पुन्हा दुडकवायचा. लंगडणं गेलं तर दुखणं त्या जागेच्या खाली, म्हणजे खुरातच आहे. नाही गेलं तर वर शोधायचं. ही घोडी इंजेक्शननंतर रस्त्यावर अशी सरळ धावली की मालकाला वाटलं बरीच झाली. त्याला सांगावं लागलं, दादा, हा उपचार नाही, हा फक्त पत्ता आहे. तासा-दोन तासांनी ती पुन्हा लंगडणार.

मग एक सहकारी पोर्टेबल एक्स-रे मशीन घेऊन आले. शेवटच्या पेरात, सांध्याच्या रेषेला लागून, हरभऱ्याएवढा गोल काळा ठिपका.

एक्स-रेबद्दल दोन गोष्टी सांगतो. पहिली, एक्स-रे कोरा आला म्हणजे हाड चांगलं, असं नाही. हाडातला चुना साधारण ३० ते ५० टक्के कमी झाल्याशिवाय तो काळेपणा फिल्मवर दिसतच नाही. म्हणून मोठ्या ठिकाणी सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात. दुसरी गोष्ट उलट आहे. एक्स-रेत भोक दिसलं म्हणजे तेच दुखतंय, असंही नाही. कित्येक घोड्यांच्या हाडात अशा पोकळ्या असतात आणि ते मजेत धावतात. म्हणून आधी नस बधिर करून जागा ठरवायची, मग फोटो काढायचा. क्रम उलटा केला तर भलत्याच भोकावर पैसे खर्च होतात.

या घरच्यांनी काय केलं? उरलेल्या तारखा दुसऱ्या घोडेवाल्याला देऊन टाकल्या. सोपं नव्हतं ते. घरात दोन दिवस वाद झाला. "एक इंजेक्शन मारा, सीझन निघून जाऊ द्या," असं घरातलेच म्हणत होते. मी त्यांना परण्याचं चित्र सांगितलं. मत्स्योदरीच्या डोंगराकडून येणारा डांबरी रस्ता, पुढं डीजे, पायाखाली फटाक्यांचा कागद, वर अठरा-वीस वर्षांचा पोरगा ज्यानं आयुष्यात पहिल्यांदा रिकिबीत पाय घातलाय, आणि चहूबाजूंनी मोबाइल घेतलेली लहान पोरं. त्या गर्दीत घोडीचा पाय लचकला तर ती एकटी पडत नाही. म्हातारीनं शेवटी निर्णय दिला. घोडी आज मळ्यात आहे. चालताना ठीक असते, दुडकीत अजून मान हलते. तिच्या पाठीवर कुणी बसत नाही.

बाजारातलं इंजेक्शन

आता खरेदीबद्दल. वेदनाशामक औषधानं लंगडणारा घोडा एक-दोन दिवस सरळ चालवता येतो. बाजारात पैसे मोजेपर्यंत सरळ, घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी लंगडा, हा प्रकार त्यातून होतो. सगळेच विकणारे असे नसतात, पण ओळख ठेवायला काय हरकत आहे?

घोडा मऊ वाळूत नाचवून दाखवतात, तुम्ही कडक रस्त्यावर मागा. एकदा बघून सौदा करू नका. दोन-तीन दिवसांच्या अंतरानं पुन्हा बघा. पुढची दोन खुरं शेजारी-शेजारी निरखा. एक खूर दुसऱ्यापेक्षा लहान आणि उभट दिसत असेल, तर त्या पायावर तो घोडा बरेच महिने भार टाकत नसावा. जुनी नाल काढलेली असेल तर ती मागा, झीज कुठल्या बाजूला आहे ते बघा. लाखभर रुपये मोजणार असाल तर डॉक्टरला आधी न्या. परदेशातल्या मोठ्या लिलावांमध्ये वर्षाच्या शिंगरांचे एक्स-रे आधीच काढून ठेवलेले असतात, घेणाऱ्याचा डॉक्टर ते बघतो, मग बोली लागते. आपण निदान घोडा रस्त्यावर पळवून तरी बघू.

शर्यतीच्या दिवशी घोड्याच्या अंगात वेदनाशामक चालत नाही, रक्त-लघवीची तपासणी होते. कारण फक्त सट्ट्यातली फसवणूक नाही. दुखणं ही घोड्याची धोक्याची घंटा आहे. ती बंद करून पळवला तर तो दुखऱ्या हाडावर पूर्ण जोर टाकतो, हाड मोडतं, आणि ताशी ६० किलोमीटरच्या वेगात जॉकी त्याच्याखाली येतो. हाच हिशोब वरातीला आणि टांग्याला लागू आहे.

आणि एक, औषधाच्या दुकानातून माणसांचं डायक्लोफेनॅक आणून जनावराला टोचू नका. २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे. ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होतात. आपल्या लहानपणीच्या आभाळातून गिधाडं गेली, त्यामागं हे मोठं कारण होतं.

बरा होतो का?

हा प्रश्न सगळे विचारतात. खरं उत्तर असं, की काही होतात, काही होत नाहीत. तरुण घोडा, छोटी पोकळी, कूर्चेचं नुकसान कमी, तर आशा जास्त. काही महिन्यांची सक्त विश्रांती हा पहिला उपाय. सांध्यात किंवा थेट पोकळीत स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, त्यानं मघाशी सांगितलेलं अस्तर शांत होतं. पुढचा टप्पा शस्त्रक्रियेचा. दुर्बिणीतून सांध्यात शिरून किंवा खुराच्या भिंतीला बारीक खिडकी करून पोकळी खरवडून काढतात. काही सांध्यांत पोकळीतून आरपार स्क्रू बसवतात, म्हणजे तिथल्या हाडाला आधार मिळून ते भरायला लागतं. हे काम तालुक्याच्या दवाखान्यात होत नाही. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या जुन्या संस्था, १८८६ पासूनची ती, किंवा रेसकोर्सला जोडलेले अनुभवी डॉक्टर, अशांकडं जावं लागतं. आपल्या भागात आधी परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात दाखवा, पुढं कुठं जायचं ते तिथून कळेल.

आणि नालबंदाला सोडू नका. चांगला नालबंद पोकळी भरत नाही, पण खूर तोलात ठेवून दुखऱ्या बाजूचा भार कमी करू शकतो. एक्स-रे त्याला दाखवा. डॉक्टर आणि नालबंद एकमेकांशी बोलले की घोड्याचं भलं होतं.

कुणी विचारेल, एक पाय दुखतोय ना, मग तीन पायांवर राहू द्या की. ते घोड्याला जमत नाही. २००६ मध्ये अमेरिकेत बार्बारो नावाच्या घोड्यानं केंटकी डर्बी जिंकली. दोनच आठवड्यांनी पुढच्या मोठ्या शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. उत्तम डॉक्टरांनी हाड जोडलं, ते भरतही आलं. पण सगळा भार चांगल्या पायावर पडत राहिला आणि त्या पायाच्या खुरातले पापुद्रे सुटले. पुढं तीच सूज पुढच्या पायांत आली. शेवटी जानेवारी २००७ मध्ये त्याला दयामरण द्यावं लागलं. घोड्याचा पाय मोडला की लोक असे हताश का होतात, त्याचं उत्तर यात आहे. म्हणून थोडं लंगडतोय तेव्हाच बघा.

शर्यतीतून बाद झाल्यावर

शेवटी थोडं वेगळं सांगतो. शर्यतीतून बाद झालेला घोडा जातो कुठं? नशीबवान असेल तर पैदाशीला किंवा घोडेस्वारीच्या शाळेत. काही वरातीला, काही टांग्याला. पण महाराष्ट्रात आणखी एक वाट होती, आणि ती तुमच्या-माझ्या घरापर्यंत येते.

परळच्या हाफकिन संस्थेत घोड्यांच्या रक्तापासून लस-प्रतिविषं बनायची. पुण्याच्या पूनावाला घराण्याच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे तिथं दिले जात. त्यातूनच सायरस पूनावाला यांना कल्पना सुचली, की हे काम आपणच का करू नये? १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. कोविडची लस ज्या कंपनीचं नाव घराघरात घेऊन गेली, तिच्या मुळाशी शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे आहेत.

आणि साप चावल्यावर सरकारी दवाखान्यात देतात ते इंजेक्शन? नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चौघांचं विष थोडं थोडं घोड्याला देतात, घोड्याचं शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि त्या रक्तापासून औषध बनतं. पावसाळ्यात आपल्या शिवारात कापसाला, सोयाबीनला पाणी धरताना साप चावलेला माणूस जगतो, तेव्हा कुठल्यातरी घोड्याचं रक्त त्याच्या कामी आलेलं असतं. शर्यत हरलेला घोडा म्हणजे भाकड जनावर, असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

तर मंडळी, आज घरी घोडा असेल किंवा मित्राकडं असेल, तर संध्याकाळी कडक रस्त्यावर वीस सेकंदांचा व्हिडिओ काढून ठेवा, घोडा ठणठणीत असताना. उद्या लंगडला तर डॉक्टरला दोन्ही दाखवता येतील, आणि फरक ताबडतोब कळेल. लंगडला की कामातून काढा, खूर साफ करून बघा, आणि जागा सापडेपर्यंत वेदनाशामक स्वतःच्या मनानं देऊ नका. डॉक्टर मिळत नसेल तर १९६२ हा टोल-फ्री नंबर लावा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते.

माळेगावच्या यात्रेतून कुणी नवीन घोडी आणली असेल तर व्हिडिओ पाठवा. मालकाचं नाव न घेता पुढच्या भागात दोन-तीन व्हिडिओ घेऊन बोलू, मान कुठं हलते ते सगळे मिळून शोधू. पुढच्या भागात बैलाच्या खुराबद्दलही प्रश्न घेणार आहे, कारण शंकरपटवाल्यांचे मेसेज साठलेत.

तोपर्यंत जनावरांची काळजी घ्या, स्वतःचीही. येतो.